शिरपेच आणि सारवण

मराठीत कुणाचं कौतुक करायचं झालं, की त्याच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवावा लागतो. पुतण्याला दहावीत ब्याण्णव टक्के पडले, तुरा. नगरपरिषदेला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं, तुरा. गल्लीतल्या मंडळाचा गणपती पेपरात छापून आला, आणखी एक तुरा. इतके तुरे खोवून झाले, पण मूळ शिरपेच कुठे आहे हे आजवर कुणी विचारलेलं मला आठवत नाही. शिरपेच मीही पाहिलेला नाही. तो जिथे चढवला गेला असं सांगतात, तो माळ मात्र पाहून आलोय.

जव्हारजवळचा शिरपामाळ. १६६३ साल सरून १६६४ उजाडण्याच्या सुमाराला शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर निघाले, ते त्र्यंबकच्या अंगाने घाट उतरून या बाजूला आले. जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे त्यांना सामोरे गेले, इथल्या उघड्या माळावर दोघांची भेट झाली आणि विक्रमशहांनी महाराजांच्या मस्तकी शिरपेच चढवला. म्हणून शिरपामाळ, असं जव्हारात कुणीही सांगतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात महाराज सुरतेच्या दारात होते, म्हणजे इथला मुक्काम काही लांबलेला नसणार. लष्कर आलं, तंबू पडले, भेट झाली, तंबू उठले. मागे राहिलं ते एक नाव.

माझ्या भाचीच्या शिरावर मात्र नुसता पेच आला होता. ती वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता, ‘शिरपामाळ येथील वनपरिसरात शाश्वत अभ्यागत केंद्राची रचना’. हा विषय तिने फोनवर मला एका दमात सांगितला. मी म्हटलं, “अगं, आमच्या वेळी अभ्यागत म्हणजे जेवायच्या वेळेला टपकणारा माणूस. त्याच्यासाठी केंद्र कशाला, पाटाशेजारी पाट टाकला की झालं.” आणि शाश्वत? कीर्तनकारांनी आयुष्यभर घसा कोरडा करून सांगितलं, की बाबांनो, या जगात शाश्वत काही नाही. आता बघावं तर शौचालयसुद्धा शाश्वत पाहिजे.

“मामा, तू नुसता चल. तुला मेंटेनन्समधलं कळतं.”

हे खरं होतं. मी अकरा वर्षं आमच्या हौसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आहे. इमारत कशी उभी राहते यातलं मला काही समजत नाही. उभी राहिल्यावर तिला काय काय होतं, ते मात्र मजल्यागणिक सांगू शकतो. आमची गच्ची दर पावसाळ्यात गळते. अकरा वर्षांत तिच्यावर डांबर झालं, जाळी झाली, रसायन झालं, चकाकणारा पांढरा रंग झाला आणि तीन सर्वसाधारण सभा झाल्या. शेवटच्या खेपेला काम करायला आलेला गडी थोडा वेळ गच्चीवर उकिडवा बसून राहिला आणि मग म्हणाला, “साहेब, याला उतारच नाय. पानी जानार कुठं?” मी विचारलं, गाव कुठलं? म्हणाला, जव्हार.

तर निघालो. नाशिकहून त्र्यंबक, मग तोरंगणचा घाट, मोखाडा आणि जव्हार. शिवाजी महाराजांच्या वाटेनेच चाललोय, असं मी घाटात दोनदा म्हणालो. भाचीने दोन्ही वेळा हूं केलं. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्यात केंद्र आधीच उभं होतं. काचेच्या भिंती, भोवती गर्द झाडी, झाडीतून तिरपा पडणारा उन्हाचा पट्टा आणि त्या पट्ट्यात उभी असलेली, कुठल्याही जिल्ह्यात न आढळणारी माणसं.

“ही झाडी कुठली?”

“वनपरिसर आहे ना.”

“पण नावात माळ आहे.”

यावर ती खिडकीबाहेर बघू लागली. खिडकीबाहेर मार्च होता. डोंगरउतारांवर साग उघडा पडला होता, मधूनच एखादा पळस पेटलेला, आणि माळांवरचं गवत वाळून तांबूस झालं होतं.

शिरपामाळावर पोचल्यावर ती वाऱ्याची दिशा, उन्हाचा कोन असलं काहीबाही मोजायला लागली. मी माझ्या वयाला शोभेल अशी पाहणी केली, म्हणजे सावली कुठे आहे आणि आडोसा कुठे आहे. तेवढ्यात चार मोटारसायकली आल्या. आठ जण उतरले. महाराजांच्या स्मारकाला मनापासून नमस्कार केला, फोटो काढले, मग एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, इथे बघायला काय आहे?”

मी त्याला शिरपेचाची गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट अर्ध्यात असताना त्याने विचारलं, “दाभोसा धबधबा किती लांब?” मार्चात धबधब्याला पाणी किती असणार हे सांगेपर्यंत गाड्या सुरूही झाल्या होत्या. एकूण बारा मिनिटं. आलो खरे, पण आता काय, या प्रश्नाला काही उत्तर देता यावं एवढंच खरं तर अभ्यागत केंद्राचं काम. सावली, प्यायचं पाणी, स्वच्छ संडास आणि गोष्ट पुरी सांगणारं एक माणूस. बाकीचं सगळं आर्किटेक्टच्या हौसेचं.

भाचीला हे पटलं, पण तिने लगेच पाणी धरलं. तिथे तिचं गणित चांगलं निघालं. जव्हारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरचं छप्पर धरलं तर त्यावर तीन लाख लिटर पाणी पडणार. उडालं-गळालं सोडून अडीच लाख लिटर हाती आलं, तर कोरड्या आठ महिन्यांत रोज हजार लिटर. संडास, हात धुणं, चार रोपं, सगळं भागलं! ती नाचायचीच बाकी होती. मी विचारलं, “हे अडीच लाख लिटर ठेवणार कुठे?” मग तिने पुन्हा आकडे मांडले. छपराएवढीच लांबरुंद आणि अडीच मीटर खोल टाकी लागत होती. म्हणजे टाकीच्या डोक्यावर केंद्र बांधायचं, की केंद्राखाली टाकी लपवायची, एवढाच प्रश्न उरला. खर्च टाकीचा, नाव केंद्राचं.

पण तिला हसावं असं काही नव्हतं त्यात. मोठमोठ्यांना जे जमलं नाही ते ती कागदावर जमवत होती. मोखाड्याच्या अंगाखांद्यावर वैतरणेची धरणं आहेत. मध्य वैतरणेची भिंत शंभर मीटरहून उंच आहे. ते पाणी मुंबईला जातं, आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. पाऊस कोसळतो इथे आणि साठतो मुंबईच्या गच्चीवरच्या टाकीत. मुंबईत नळ सोडताना घाट आठवत नाही, हे मी कुणाला दोष देऊन म्हणत नाही. मलाही नाशकात गंगापूर धरण आठवत नाही.

दुपारी आम्ही जवळच्या एका पाड्यावर गेलो. भाचीला कुडाचं घर बघायचं होतं. कूड तिने पुस्तकात पाहिला होता, मी लहानपणी आजोळी पाहिला होता, पण तेव्हा तो बघायची वस्तू नव्हती. सागाच्या किंवा ऐनाच्या मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधत जायचं आणि दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचं तूस कालवून लिंपायचं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून झाली की वाळून जाते. म्हणजे भिंतीचा कच्चा माल मिळायच्या आधी डोंगर जांभळा होतो. अशी सोय कुठल्या सिमेंट कंपनीला देता आलेली नाही.

घराच्या ओट्यावर एक म्हातारी मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने आम्हाला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं आणि मग आम्ही कोण हे विचारलं. हा क्रम मी नोंदवून ठेवला. भाचीने भिंतीला तळहात लावला आणि म्हणाली, “मामा, बघ किती गार आहे.” बाहेर छत्तीसएक अंश असावेत आणि भिंत खरंच माठासारखी गार होती. शेजारीच घरकुल योजनेतलं पक्कं घर होतं, विटांचं, वर पत्रा. त्यात भाताची पोती, सायकल आणि लग्नात मिळालेलं कपाट ठेवलं होतं. माणसं कुडात होती.

भाचीचे डोळे चमकले. तिने आजींना सांगितलं, की आम्ही इथे एक केंद्र बांधणार आहोत, अगदी तुमच्या घरासारखं. आजींनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुमचं घर कशाचं हाय?”

“आमचं… सिमेंटचं.”

“मंग आमच्यासाठीच का ग कुडाचं?”

भाची गप्प. मी मनातल्या मनात आजींना सोसायटीच्या कमिटीवर घेऊन टाकलं. पण आजी टोमणा मारून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. पोरीचा चेहरा पडलेला बघून त्याच म्हणाल्या, की कूड चांगलाच. उन्हात गार, थंडीत ऊब. पन दरसाल लिंपाय लागतो. पावसात खालचा हात-दीड हात धुपतो, वाळवी लागते, ओटा फुटतो. “तुमच्या त्या हापिसात कोन सारवील?”

“माणसं ठेवू ना आजी. इथलीच.”

“इथं मानूस हाय कुठं?”

मी आजूबाजूला पाहिलं. खरंच, पाड्यावर म्हातारी माणसं होती आणि लहान पोरं होती. मधलं वय नव्हतं. दिवाळी झाली, भात झोडून झाला, की इथली कर्ती माणसं वसई-विरार, भिवंडी, ठाण्याकडे निघतात, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. काही जण नाशिकला द्राक्षबागांत. शिमग्याला परततात, पुन्हा जातात, आणि पाऊस लागला की नागली-वरई लावायला घरी. आजींचा मुलगा-सून वसईत होते. शिमगा आठ दिवसांवर आला होता, म्हणून आजी मोह वाळवतानाही रस्त्याकडे बघत होत्या. ज्या हातांना माती आणि शेण किती घ्यायचं ते न मोजता कळतं, ते हात आमच्यासाठी सिमेंट कालवत होते. आणि त्यांच्याच आयांना आम्ही विचारत होतो, की मातीचं घर कसं बांधायचं.

मला आमच्या गच्चीवर उकिडवा बसलेला तो गडी आठवला. त्याला उतार कळत होता. आमच्या कमिटीला, म्हणजे मला, अकरा वर्षांत कळला नव्हता.

परतीच्या वाटेवर भाचीने लॅपटॉप उघडला नाही. मी मात्र सुटलो. म्हातारपणी माणसाला पुढच्याचं मौन फुकट जाऊ द्यावंसं वाटत नाही. मी तिला अजिंठ्याची गोष्ट सांगितली. फर्दापूरजवळ, लेण्यांच्या पायथ्याशी, जपानकडून मिळालेल्या कर्जातून एक भलं मोठं अभ्यागत केंद्र उभं राहिलं. त्यात पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्याच्या हुबेहूब प्रतिकृती. खऱ्या लेण्यांवरची गर्दी कमी व्हावी, हा हेतू तर फारच चांगला. पण काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. खरी लेणी मात्र तशीच उघडी. त्यांना विजेचं बिल येत नाही. आणि गंमत अशी, की त्या खऱ्या भिंतींवरची चित्रं ज्या गिलाव्यावर काढली आहेत, तो गिलावा म्हणजे माती, भाताचं तूस आणि गवताचे तंतू. आजींचीच कृती. फक्त आजींनी चित्र काढायचं ठेवलं होतं.

“ती खडकात आहेत, मामा. पावसात नाहीत,” भाची म्हणाली. बरोबर होतं. एक मुद्दा गेला.

मग मी सेवाग्राम काढलं. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले, तेव्हा त्यांची अट होती, घराला शंभर रुपयांच्या वर खर्च नको, सामान आसपासचं आणि हातही गावातलेच. पुढे लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज स्थापत्यकाराला त्यांनी सांगितलेली गोष्ट तर आता प्रत्येक वास्तुकला महाविद्यालयात सांगतात: घराचं सगळं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. शिरपामाळापासून पाच मैलांत काय नाही? कारवी आहे, बांबू आहे, माती आहे, शेण आहे. कागदपत्रं तेवढी लागतील. शेताच्या बांधावरचा बांबूसुद्धा कायद्याच्या लेखी २०१७ पर्यंत झाड होता. बांबू हे गवत आहे, हे गाईला आधीपासून ठाऊक होतं. सरकारला नव्वद वर्षं लागली. असो. सेवाग्रामची बापू कुटी मातीची, आणि ती अजून उभी आहे. सिमेंटच्या कित्येक इमारती तिच्या नंतर आल्या आणि तिच्या आधी गेल्या. कारण ती कुणीतरी सतत लिंपतं, सारवतं, कौलं शेकारतं. ती मजबूत नाही. तिला रोज कुणीतरी आहे.

एवढं बोलून झाल्यावर मला एकदम लक्षात आलं, की आपण जे सोसायटीच्या सभेत कधी बोलू शकलो नाही, ते गाडीत भाचीला सांगतोय. इमारत बांधायला पैसा मिळतो. फीत कापायला मंत्री येतात, कोनशिलेवर नावं येतात. दुरुस्तीची फीत आजवर कुणी कापल्याचं मी ऐकलं नाही. ‘सन अमुकमध्ये सदर ओटा सारवण्यात आला’ अशी संगमरवरी पाटी कुठे दिसते का? आमच्या गच्चीच्या बाबतीतही तेच. नव्या लिफ्टला सगळे हात वर, देखभाल निधी पन्नास रुपयांनी वाढवा म्हटलं की अर्धी सभा चहाला उठते.

आणि केंद्र बांधायचं ते अशा मुलखात, जिथे लोकांनी भिंतीचं पुसून जाणं कधी मनावर घेतलेलं नाही. वारल्यांच्या घरी लग्न असलं की सवाशिणी भिंत सारवून, गेरूने रंगवून, तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मध्ये पालघाट देवी, भोवती झाडं, पाखरं, नाचणारी माणसं. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, लग्न लागतं. पुढच्या पावसात पिठाचा चौक फिका होतो, पुढच्या लग्नाला नवा निघतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तीच चित्रं लग्नाची वाट न बघता, कागदावर आणि कापडावर काढायला घेतली, ती जगभर गेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कागदावरची चित्रं टिकली हे उत्तमच झालं. पण भिंतीवरचा चौक टिकवायचा नसतोच, तो पुन्हा काढायचा असतो. तांदळाचं पीठ आणि काढणाऱ्या बाया, एवढं शिल्लक राहिलं म्हणजे चौक राहिला.

भाचीने घरी गेल्यावर काय केलं ते मला महिन्याभराने कळलं. काचेच्या भिंती गेल्या. झाडी गेली, माळ माळच राहिला. केंद्र माळावरून खाली, उताराच्या कडेला सरकलं, म्हणजे वर आलेल्या माणसाला आधी इमारत न दिसता उघडा माळ दिसेल, विक्रमशहांना दिसला असेल तसा. छप्पर चांगलं उतरतं, कौलारू, ओट्याच्या पुढे दोन हात काढलेलं, म्हणजे कुडाच्या पायाला पाऊस लागू नये; हात-दीड हाताचं जोतं मात्र दगडी. टाकी छपराखाली. खोल्या दोनच, बाकी सगळा ओटा. आणि नकाशांच्या गठ्ठ्यात एक तक्ता, ज्यात एकही भिंत नव्हती. नुसते बारा महिने. दिवाळीच्या आधी कूड लिंपणे, इतक्या बाया, इतके दिवस, इतकी मजुरी. शिमग्याच्या आसपास ओटा. मृगाआधी कौलं. मजुरी तिने वसईच्या दराने धरली होती. इमारतीच्या खर्चाखाली तिने वीस वर्षांच्या सारवणाचा खर्चही मांडला होता आणि तो, बघणाऱ्याला दचकायला होईल इतका, मोठा दिसत होता.

परीक्षेला मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, दार अर्धवट उघडं. बाहेरून आलेले परीक्षक गोड स्वभावाचे वाटले. त्यांनी छपराचा उतार विचारला, टाकीचं गणित विचारलं, तो बारा महिन्यांचा तक्ता बराच वेळ न्याहाळला. मग तळमजल्याच्या नकाशाच्या एका कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं. तिथे एक छोटी, तीन बाजूंनी मोकळी शेड होती आणि आत चार पायांचं काहीतरी.

“आणि ही गाय कशाला?”

“देखभाल विभाग, सर,” भाची म्हणाली.

आत थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, गाईला पाणी रोज किती लागेल, आणि ते तिने हजार लिटरमध्ये धरलंय का.

धरलं नव्हतं.